बिशपही मेट्रोपॉलिटन आणि शहरही?

सोलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: केरळच्या बातम्यांत बिशपांच्या नावासोबत ‘मेट्रोपॉलिटन’ असं छापून येतं. आपण तर हा शब्द मोठ्या शहरासाठी वापरतो. मग हे शब्द दोन की एकच?

एकच. मूळ ग्रीक. ‘मेतेर’ म्हणजे आई, ‘पोलिस’ म्हणजे नगर. ‘मेतेर’ ही आपल्या ‘मातृ’ची सख्खी बहीण, आणि ‘पोलिस’चं नातं अभ्यासक संस्कृत ‘पुर’शी जोडतात. म्हणजे मेट्रोपोलिसची फोड जवळजवळ ‘मातृपुर’ अशीच होते, आणि सोलापुरातलं ‘पूर’ही त्याच गोतावळ्यात येऊन बसतं! आपल्याकडे माहूरला मातापूर म्हणतात खरं, पण तिथली माता रेणुका. ग्रीकांच्या शब्दात नगर स्वतःच आई आहे. कॉरिंथच्या लोकांनी समुद्रापार जाऊन सिराक्यूज वसवलं, तेव्हा कॉरिंथ त्याचं मेट्रोपोलिस झालं. नव्या वसाहतीत पेटवायचा अग्नीसुद्धा आईनगरातून नेण्याची रीत होती. शब्दाच्या पोटात आकार नव्हता, नातं होतं.

पुढे रोमन अमलात प्रांताच्या मुख्य नगराला मेट्रोपोलिस म्हणू लागले. चर्चची घडी साम्राज्याच्या कारभारावरच बसली, त्यामुळे त्या नगराचा बिशप प्रांतातल्या इतर बिशपांचा प्रमुख ठरला. तोच मेट्रोपॉलिटन. इ.स. ३२५ साली नायसियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तर नियमच केला की प्रांतातल्या नव्या बिशपाच्या निवडीवर शिक्कामोर्तब त्यानेच करायचं. तेव्हा बिशपाने ही पदवी शहराकडूनच घेतली आहे. केरळच्या सिरियन परंपरेतल्या चर्चमध्ये ती आजही रोजच्या वापरात आहे.

‘मोठं, गजबजलेलं शहर’ हा अर्थ बराच नंतरचा. लंडनमध्ये १८६३ साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वेचं नाव मेट्रोपॉलिटन रेल्वे, पॅरिसच्या रेल्वेच्या नावातही हाच शब्द होता. त्याचं आखूड रूप म्हणजे आपली मेट्रो.

मराठीत आपण ‘महानगर’ केलं. सुटसुटीत शब्द आहे, पण त्यात आई हरवली आणि आकार तेवढा उरला, याची मला खरंच चुटपुट लागते. कायद्यालाही आकारच लागतो: राज्यघटनेत महानगर क्षेत्रासाठी किमान दहा लाख लोकसंख्या सांगितली आहे. २०११च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांच्या आसपास होतं. महानगरपालिका मात्र १९६४ पासून आहे, कारण तिचे निकष निराळे.

लिहिताना शहराबद्दल ‘महानगरीय’ खुशाल लिहा. बिशपांच्या बाबतीत मात्र ‘मेट्रोपॉलिटन’ तसंच ठेवा. ती पदवी आहे, तिचं भाषांतर करू नये.