सोलापूर जिल्ह्यातल्या छोट्या गावांच्या इतिहासातली विलक्षण पण खरी गोष्ट कोणती?

माझं उत्तर बार्शी लाइट रेल्वे! 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांवर गाडी सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. वारकऱ्यांची तर ती हक्काची गाडी.

खरी गंमत पुढे आहे. याच कॅलथ्रॉपने 1904 मध्ये इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेसाठी बार्शीच्या धर्तीवर इंजिनं करून घेतली. तिकडच्या हिरव्या दरीत, समोर आपल्याकडच्यासारखा भला मोठा दिवा लावलेली इंजिनं धावायची! आधी बार्शी, मग इंग्लंड, हे आपल्या शाळेत शिकवायलाच हवं. पुढे याच माणसाने वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूटही बनवलं.