वाचकांचे प्रश्न : जाड जीन्सला कात्री लावण्यापूर्वी

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. दिवाळीत पुण्याहून आलेल्या मामेभावाने त्याला घट्ट होत असलेली, जवळजवळ न वापरलेली आणि एकदाही न धुतलेली २१ औंसची जीन्स मला दिली. कापड इतके कडक आहे की जमिनीवर ठेवली तर ती आपली आपण उभी राहते. मला ती कमरेत दोन बोटे सैल, मांडीत बरीच मोकळी आणि लांबीला चार बोटे जास्त होते. बाजाराच्या गावातील टेलर म्हणाले, ‘‘भाऊ, हा तं पायजामाच झाला गा, बाजूनं बारीक करून देतो, दीडशे रुपये लागतील.’’ मामेभाऊ मात्र फोनवर सांगतो की अशा जीन्सला कात्री लावणे म्हणजे तिचे वाटोळे करणे. मार्गशीर्षात चुलत बहिणीचे लग्न आहे. तोवर ती अंगाला नीट बसावी अशी इच्छा आहे. काय करावे? — एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : लांबी जरूर कमी करावी, पण जीन्स एकदा पाण्यातून काढल्यानंतर, कमरेचा निर्णय महिनाभर वापरून घ्यावा, आणि मांडीला हा हिवाळा सरेपर्यंत हात लावू नये. टेलर आणि मामेभाऊ दोघेही अर्धे बरोबर आहेत. हे सगळे लग्नाआधी उरकणे मात्र शक्य नाही, म्हणून लग्नापुरती मोहरी बाहेरून दोनदा दुमडून आणि पट्टा लावून निभावून न्यावे. खरे सांगायचे तर मांडवात दिवसभर वावरायला आपली नेहमीची पँटच बरी.

आता कारणे सांगतो. डेनिमचे औंस म्हणजे एका चौरस यार्डाचे वजन. बाजारातील नेहमीची जीन्स १० ते १२ औंसांची असते, म्हणजे एका चौरस मीटरला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम. आपल्या जीन्सचे कापड त्याच मापाने ७०० ग्रॅमच्या वर जाते. आपल्या यवतमाळजवळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीतही डेनिम विणले जाते, त्यामुळे हे कापड आपल्या भागाला परके नाही. परंतु इतके जाड डेनिम गावातील दुकानांत सहसा येत नाही आणि म्हणूनच टेलरने त्याकडे नेहमीच्या पँटच्या नजरेने पाहिले असावे. जाड कापडाची जीन्स पहिल्या दिवशी जशी दिसते तशी ती पुढे राहत नाही. कडकपणामुळे मांडीजवळ कापड अंगापासून सुटे उभे राहते आणि माप आहे त्यापेक्षा मोठे भासते. वीस-पंचवीस दिवस वापरल्यावर गुडघ्यामागे आणि जांघेत चुण्या बसतात, कापड पायाच्या आकाराने वळते आणि तोच पायजामा बऱ्यापैकी सरळ दिसू लागतो.

दुसरी गोष्ट आकसण्याची. मागावर उभे धागे ताणलेले असतात; कापडाला पहिले पाणी लागले की तो ताण सुटतो आणि कापड मुख्यतः लांबीत आखडते. १९३०च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लूएट यांनी कापड वाफेवर ओलसर करून यंत्रात आधीच आखडून घेण्याची पद्धत काढली. त्यांच्याच नावावरून त्या प्रक्रियेला सॅनफरायझिंग म्हणतात. अशी प्रक्रिया झालेले डेनिम पुढे एक ते तीन टक्के आकसते. प्रक्रिया न झालेले मात्र सात ते दहा टक्के आकसू शकते, म्हणजे ३४ इंचांच्या लांबीत अडीच ते साडेतीन इंच. आपली चार बोटे म्हणजे सुमारे तीन इंच. ती जीन्स दुसऱ्या प्रकारची निघाली, तर आज जी लांबी आपल्याला कापायची आहे ती पाणीच कापून टाकेल, आणि आधी कात्री चालवली असेल तर मोहरी घोट्याच्या वर येईल. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या दुकानात मी स्वतः पुतण्याची अशी जीन्स न भिजवता कापली आणि पहिल्या धुण्यानंतर ती त्याच्या धाकट्या भावाला द्यावी लागली.

म्हणून प्रथम टेपने कमर, मांडी, आतली लांबी आणि मोहरी मोजून वहीत लिहून ठेवावी. मग जीन्स उलटी करून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर पूर्ण बुडवून ठेवावी. पाणी निळे होईल, त्याने घाबरू नये; पण त्या टबात दुसरे कपडे घालू नयेत. न पिळता निथळू द्यावी आणि सावलीत कमरेकडून टांगावी. कार्तिकातल्या कोरड्या हवेत दोन दिवसांत ती वाळेल. हेच आपण श्रावणात विचारले असते तर मी थांबायला सांगितले असते, कारण इतके जाड कापड पावसाळ्यात तीन-तीन दिवस ओले राहते आणि त्याला कुबट वास धरतो. वाळल्यावर पुन्हा तीच मापे घ्यावीत. दोन्ही मापांतला फरक पाहिला की कापड कोणत्या प्रकारचे आहे ते कुणाला विचारावे लागणार नाही.

कमरेचे गणित उलटे आहे. लांबी आखडली की आखडलेलीच राहते. कमर मात्र भिजल्यावर घट्ट होते आणि वापरात पुन्हा इंचभर, कधी त्याहून थोडी जास्त, सैल पडते. त्यामुळे ती स्थिरावल्यावरच आत घ्यावी. हे काम मागच्या मधल्या शिलाईतूनच झाले पाहिजे. मधली लुप्पी (पट्टा ओवायची पट्टी) काढायची, कमरपट्टा तेवढ्या भागात उसवायचा, आसनाच्या वरच्या भागातून कापड आत घ्यायचे आणि पट्टा पुन्हा बसवायचा. एक ते दीड इंचापर्यंत हे नीट जमते. त्यापुढे गेल्यास मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात आणि बाजूच्या शिलाया मागे ओढल्या जातात. बाजूने कमर कमी करतो असे कोणी म्हणाल्यास नम्रपणे जीन्स परत घ्यावी. पुढच्या खिशांच्या टोकांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे छोटे गोल खिळे, ठोकलेले असतात. नेवाडातील रेनो येथील जेकब डेव्हिस या शिंप्याने कामगारांच्या पँटचे खिसे फाटू नयेत म्हणून ते योजले आणि लेव्ही स्ट्रॉस यांच्यासोबत २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट मिळवले. ते काढले की तिथे भोक राहते, आणि न काढता तिथून कापड आत घेता येत नाही.

मांडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण टेलरने तेच काम सुचवले आहे. जीन्स उलटी करून पाहावी. बाहेरच्या बाजूची शिलाई साधी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कापडाची मूळ किनार दिसत असेल, बहुधा लाल धाग्याची रेघ असलेली, तर ते कापड जुन्या पद्धतीच्या अरुंद धोट्याच्या मागावरचे आहे. ती किनार कापली की ती गेलीच. मामेभावाचा जीव त्याच रेघेत अडकला असणार. आतल्या बाजूची शिलाई वेगळी असते. तिथे दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमडलेल्या असतात आणि त्यावर दोन समांतर टाके असतात. पाय बारीक करायचा तर या आतल्या शिलाईतूनच करावा लागतो. त्यासाठी एका मोहरीपासून आसन ओलांडून दुसऱ्या मोहरीपर्यंत सारे उसवावे लागते आणि पुन्हा तशीच अडकवलेली शिलाई घालायला बाहू असलेले खास यंत्र लागते. ते नसल्यास टेलर साधी शिलाई मारून कडेला ओव्हरलॉक करतो, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कड दोऱ्याने गुंफतो. पातळ कापडाला ते चालते. २१ औंसात मात्र तो जाड काठ मांडीला घासतो, आणि मोटरसायकलवर रोज वीस-तीस किलोमीटर फिरणाऱ्याला ते आठवडाभरात कळते.

याशिवाय आपले बसणे-उठणे लक्षात घ्यावे. जाड डेनिममध्ये लवचिक धागा सहसा नसतो. ते अंगाबरोबर ताणले जात नाही. पंगतीत मांडी घालून बसावे, उकिडवे बसून खताच्या पोत्याचे टाके उसवून पाहावे, गाडीला किक मारून पाहावी. बसलेले असताना मांडीवर चिमटीत दीड-दोन इंच कापड येत असेल तर तो मोकळेपणा फाजील नाही, गरजेचा आहे. गुडघ्याखाली फार बारीक केलेली जाड जीन्स उठल्यावर पोटरीवर अडकून राहते आणि दर वेळी हाताने खाली ओढावी लागते.

एक मुद्दा मात्र टेलरच्या बाजूचाही आहे, तो लपवत नाही. डेनिमच्या उभ्या धाग्यांना निळीचा रंग वरवर चढलेला असतो, आत धागा पांढराच राहतो. म्हणून घासून घासून जीन्स फिकी होते. पुष्कळ फिकी झाल्यावर पाय बारीक केला तर मांडीवरचे फिके पट्टे जागा सोडून आतल्या बाजूला सरकलेले दिसतात. तेव्हा बदल करायचाच असेल तर फार उशीर करणेही बरे नाही. एक हिवाळा हा मध्यम काळ आहे. एरवीही चैत्रानंतर आपल्याकडच्या उन्हात हे कापड अंगावर ठेवणे म्हणजे स्वतःला शिक्षा करून घेणे, त्यामुळे निर्णय फाल्गुनात करावा. त्या वेळीही मांडी मोकळी वाटलीच, तर आधी न कापता आतून हाताने लांब धावदोरा घालून नवे माप धरावे आणि तशीच दोन दिवस वापरावी. पटले तर नागपूर किंवा अमरावतीला जीन्सचेच काम करणाऱ्याकडे न्यावी. न पटल्यास दोरा ओढून टाकावा. आसन खाली लोंबत असेल तर मात्र त्याला इलाज नाही, जीन्स मामेभावाला परत करावी.

लांबी कापताना पायात नेहमीचे बूट घालून उभे राहावे आणि दुमडीसाठी एक इंचाची माया ठेवावी. मूळ मोहरीला साखळी टाका असतो, तो हवाच म्हणून पुण्याला जीन्स पाठवण्याची गरज नाही. साधा टाका तितकाच टिकतो, किंबहुना साखळी टाक्याचा एक धागा तुटला की तो उसवतच जातो. न कापता कायम बाहेरून दुमडून वापरणेही वाईट नाही, फक्त शेतात जाताना दुमड उलगडावी. नाहीतर घरी आल्यावर तिच्यातून मूठभर कुसळे, तुरीचा पाला आणि काळी माती निघते.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यात घरी शिवणकाम करते. हल्ली मुले जाड जीन्सची लांबी आणि कंबर कमी करायला आणतात. माझ्या पायमशीनवर सुया तुटतात आणि टाके सुटतात. ही कामे घ्यावीत की नाहीत? — एक शिवणकाम करणाऱ्या ताई, जि. वर्धा

उत्तर : ताई, लांबीची कामे निःशंक घ्यावीत, कमरेची दीड इंचापर्यंत घ्यावीत आणि पाय बारीक करण्याची नाकारावीत. आपले पायमशीन हे कमीपण समजू नये. छोट्या मोटारीचे हलके मशीन जिथे जळते, तिथे लोखंडी अंगाचे पायमशीन हातचाक फिरवून काम काढून देते.

सुई १८ नंबरची, डेनिमसाठी असलेली घ्यावी आणि दोन-तीन जीन्सनंतर बदलावी. टाका मोठा ठेवावा, इंचाला सहा-सात. वर जाड दोरा असला तरी बॉबिनमध्ये नेहमीचाच भरावा, म्हणजे टाके सुटणे निम्मे थांबते. खरी अडचण मोहरीच्या दुमडीत आतली शिलाई येते तिथे असते, कारण त्या जागी कापडाचे दहा-बारा थर जमतात. ती जागा लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने चांगली चेपावी आणि तिच्यावर कोरडा साबण किंवा मेणबत्ती घासावी. शिवताना दाबाचा पाय त्या उंचवट्यावर चढू लागला की मागे तिरपा होतो आणि तिथेच सुई वाकते. म्हणून त्याच्या मागच्या भागाखाली डेनिमचाच दुमडलेला तुकडा सरकवावा, पाय समतल करावा आणि ते चार-पाच टाके हाताने चाक फिरवून घालावेत. रिव्हेटजवळ अर्ध्या इंचाच्या आत सुई नेऊ नये.

मजुरी पँटच्या दुप्पट सांगावी. आणि जीन्स धुतलेली आहे का, हे कापण्यापूर्वी विचारावे. नसल्यास परत पाठवावी, गिऱ्हाईक रुसले तरी चालेल.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी बारीक करून घेतलेली जाड जीन्स आता पुन्हा सैल करता येईल का? — एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : टेलरने जादा कापड छाटले नसेल तरच, आणि तेव्हाही जुन्या शिलाईच्या जागी गडद निळी रेघ आणि सुईच्या भोकांची रांग दिसेल. कापड छाटलेले असेल तर पायाला उपाय नाही. कमर मात्र मागच्या बाजूला त्याच जातीच्या डेनिमचा त्रिकोणी तुकडा जोडून इंच-दीड इंच वाढवता येते. तो तुकडा शर्टाखाली झाकला जातो.