शवासनात रडू येतं, क्लास सोडू का?

प्रश्न : ताई, माझं वय ५४. दीड वर्षापूर्वी यजमान अचानक गेले. मुलीचं लग्न तोंडावर होतं, त्यामुळे चारचौघांत मी रडले नाही. आता मैत्रिणीच्या आग्रहाने योगवर्गाला जाते. आसनं जमतात, पण शेवटी शवासनात पडलं की डोळ्यांना धारा लागतात. फार लाज वाटते. जाऊबाई म्हणतात, कपालभाती वाढव, मन खंबीर होईल. डॉक्टरांनी दिलेली नैराश्याची गोळी चालू आहे, तीही बंद करावीशी वाटते. क्लास सोडू की गोळी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही सोडू नका.

आधी रडण्याचं. माझ्या वर्गात हे पुष्कळदा घडतं, पुरुषांनाही. दुःख आवरून धरताना आपण जबडा, खांदे, पोट आवळून धरतो, श्वास छातीतल्या छातीत घेतो. आसनांनी ते स्नायू सैल होतात, डोळे मिटतात, हातांना काम उरत नाही, आणि दाबलेलं वर येतं. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादातल्या, म्हणजे प्रकरणातल्या, ३१व्या सूत्रात दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि अस्थिर श्वास एकाच ओळीत बसवलेत. लग्नघरात तुम्हाला रडायला जागा मिळाली नाही, ती आता सतरंजीवर मिळते आहे. रडा. शेजारची बाई काय म्हणेल, हा विचार तिथे नको.

शिक्षिकेला मात्र आधी सांगून ठेवा आणि भिंतीकडेची जागा घ्या. पाठीवर पडलं की फार उघडं पडल्यासारखं होत असेल, तर कुशीवर झोपा, पोटाशी उशी धरा, डोळे अर्धवट उघडे ठेवा. तेही शवासनच समजा.

जाऊबाईंचा सल्ला मला पटत नाही. कपालभाती ही जोरकस क्रिया आहे. मन अस्वस्थ असताना, झोप उडालेली असताना तिने धडधड वाढू शकते. सध्या बंदच ठेवा. त्याऐवजी पाच मिनिटं सावकाश श्वास : मनात चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, रोखू नका. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. या मापाने मिनिटाला सहाच श्वास होतात. दम कोंडल्यासारखं वाटलं तर तीन आणि चार मोजा. रात्री अंथरुणावर बसून थोडी भ्रामरी करा, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडा. आनंद कधी वाटेल याची वाट बघत बसू नका. पहिला फरक बहुतेकांना झोपेत जाणवतो, मग चिडचिड उतरते. नवऱ्याची आठवण काही त्यामुळे कमी होणार नाही, व्हायलाही नको.

आता गोळी. ती मनाने अचानक बंद केली तर चक्कर, बेचैनी, निद्रानाश होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो. कमी करायची ती डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने. वर्गाला जाता हे त्यांना सांगा. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थेतही योग औषधांच्या जोडीनेच वापरतात.

आणि एक. वर्ग संपल्यावरही दिवसभर रडू थांबत नसेल, जेवण तुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटलं, तर पुढच्या वर्गाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा. तिथे मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक लेकीच्या फोनमध्येही घालून ठेवा.