कायदेविषयक प्रश्नोत्तरे : मध्यंतरी नांदायला परतले, म्हणून जाच माफ झाला का?

प्रश्न : माझ्या लग्नाला नऊ वर्षे झाली असून सात वर्षांची मुलगी आहे. पतींनी हात क्वचितच उगारला. पण दर महिन्याला माझा पगार काढून घेणे, माहेरी फोन करू न देणे आणि चारचौघांत माझ्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणे सतत चालू होते. दोन वर्षांपूर्वी मी माहेरी आले. मात्र नातेवाइकांच्या बैठकीनंतर मुलीसाठी परत नांदायला गेले. सहा महिन्यांत तेच पुन्हा सुरू झाल्यावर मी मुलीला घेऊन कायमची बाहेर पडले. पती म्हणतात, ‘तू आपणहून परत आलीस, म्हणजे मागचे सगळे मिटले, आणि मुलगी पाच वर्षांची झाल्यावर हक्क बापाचाच.’ हे खरे आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपला विवाह हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली येतो असे गृहीत धरून लिहितो. पतींच्या पहिल्या विधानात अर्धेच सत्य आहे. या कायद्याच्या कलम २३ नुसार, अर्जदाराने क्रूरतेला क्षमा केली असेल तर त्याच कारणावरून घटस्फोट मिळत नाही. पुण्याच्या न्यायालयात सुरू झालेल्या आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या दास्ताने खटल्यात नेमके हेच झाले : पत्नीचे वर्तन क्रूरतेचे ठरले, पण त्यानंतरही सहजीवन चालू राहिल्याने पतीने ते माफ केले असे मानून त्याचे अपील फेटाळले गेले. मात्र त्याच निकालात असेही म्हटले आहे की, ही क्षमा सशर्त असते. पुन्हा गैरवर्तन घडले तर मागची क्रूरता जिवंत होते. त्यामुळे आपल्या अर्जाचा सारा भर परतल्यानंतरच्या सहा महिन्यांवर हवा. नेमका हाच काळ बहुतेक अर्जांत दोन ओळींत उरकलेला असतो, आणि उलटतपासणीत तेथेच खिंडार पडते. तारखा, बँक खात्याचा उतारा, मोबाइलवरील संदेश आणि प्रत्यक्ष पाहिलेले साक्षीदार जमवा. फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्धता येथे लागत नाही, संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूने झुकले तरी पुरते; आणि मानसिक छळ हीसुद्धा क्रूरताच आहे.

दुसरे विधान मात्र साफ चुकीचे आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे म्हटले आहे. पाच वर्षांनंतर तो आपोआप वडिलांकडे जातो, असे कोठेही म्हटलेले नाही. त्याच कायद्याचे कलम १३ मुलाचे हित सर्वोपरी मानते. मुलगी आज कोणाजवळ रुळली आहे, शाळा कोठे आहे, दिवसभर तिच्याकडे कोण पाहते, हे न्यायालय तपासते आणि समजण्याइतकी मोठी असल्यास तिचे मतही विचारात घेते. पतींचा पगार जास्त असणे एवढ्याने ताबा ठरत नाही, कारण खर्चाची तजवीज पोटगीतून करता येते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो : क्रूरता सिद्ध झाली म्हणून ताबा आपोआप आपल्याकडे येईल, असे समजू नका. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पती म्हणून वाईट ठरलेला पुरुष वडील म्हणून मुलीला भेटण्यास अपात्र ठरतोच असे नाही, आणि भेटी अडवणाऱ्या पालकाबद्दल न्यायाधीशांचे मत प्रतिकूल होण्याचा धोका असतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नींमधील संभाषणाचे गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखल करण्यास मुभा दिली आहे. पण म्हणून मुलीला वडिलांविषयी प्रश्न विचारून तिची उत्तरे मुद्रित करू नका. अशी पढवलेली उत्तरे समुपदेशकांच्या लगेच लक्षात येतात.

पत्नी स्वतः राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करू शकते, ही तरतूद २००३ पासून आहे. त्यामुळे साताऱ्यातच अर्ज दाखल करा. त्यासोबतच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि कलम २६ खाली मुलीचा अंतरिम ताबा मागा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.