ग्लास कचऱ्यात, कप बाल्कनीत

प्रश्न : ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून पिक्चर बघतात आणि मग चहा-समोशावर चर्चा. मागे ‘ग्रीन बुक’ लावला होता. सगळे अमेरिकेवर असे तुटून पडले म्हणून सांगू, एका काकांना तर बोलता बोलता भरून आलं. पंधराच दिवसांनी आमच्या विंगमधला फ्लॅट बघायला मणिपूरच्या दोन मुली आल्या, मॉलमध्ये नोकरी करतात, तर कमिटीने मालकाला सांगितलं नको, यांचं खाणं वेगळं, वास येतो, उगाच कटकट. सांगणारे तेच काका. मी तिथेच होते आणि गप्प बसले. आता पुढचा पिक्चर मी निवडायचाय. कुठला लावू?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : अहो, काकांचं रडणं खरंच असणार. तो पिक्चर बनवलाच तसाय. १९६२ मधली गोष्ट, काळा पियानिस्ट डॉन शर्ली आणि त्याचा गोरा ड्रायव्हर टोनी. नावातलं पुस्तक खरोखर होतं, न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ पासून काढलेलं, काळ्या माणसाला प्रवासात कुठे खोली मिळेल, कुठे जेवायला मिळेल याची यादी. पण गोष्ट दिसते ड्रायव्हरच्या सीटवरून, लिहिणाऱ्यांत टोनीचा मुलगाच होता आणि शर्लीच्या घरच्यांनी त्यावर नाराजीही दाखवली होती. २०१९ ला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालं ते वेगळं. आपण टोनीबरोबर बसतो, टोनी सुधारतो, आपणही सुधारल्यासारखं वाटतं आणि पार्किंगमधून घरी.

तुमच्या चर्चेत ग्लासांचा सीन निघाला का हो? सुरुवातीलाच आहे. टोनीच्या घरी काम करायला दोन काळे कामगार येतात, बायको त्यांना प्यायला देते, आणि ते गेल्यावर टोनी ते दोन ग्लास उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. बायको नंतर बघते, बाहेर काढते. मी तो सीन बघितला आणि मला थेट आमच्या जुन्या घरातला कामाच्या मावशींचा कप आठवला, निळ्या फुलांचा, कान तुटलेला, बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे पालथा घातलेला असायचा, आणि लहानपणी मला त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नाही, आई तर स्वभावाने किती प्रेमळ. आमच्याकडे निदान कप फेकत नव्हते एवढंच. आता कुणी म्हणेल हा वर्णद्वेष नाही, ही जात. असू दे, नाव काहीही द्या.

म्हणून यावेळी अमेरिका नको. निकोलस खारकोंगोरचा ‘आखुनी’ लावा, २०१९ चा. दिल्लीत हुमायूंपूरला राहणारी ईशान्येकडची पोरं, मैत्रिणीच्या लग्नासाठी आखुनी घालून पोर्क शिजवायचंय, आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, वास जबरदस्त. सगळा पिक्चर फक्त एवढाच की हे शिजवायचं कुठे. हसू येतं आणि मध्येच घशात अडकतं. संपल्यावर भाषण अजिबात करू नका. एवढंच विचारा, की मासे खाता म्हणून इथे कुणाकुणाला घर नाकारलंय? बोंबील-सुकट भाजली म्हणून कुणाच्या शेजाऱ्याने धाडकन खिडकी लावून घेतलीय? मराठी माणसांची सोसायटी आहे ना, हात वर होणारच, कदाचित काकांचासुद्धा होईल. मग त्या मुलींचा विषय काढा.

आणि एक. फ्लॅट भाड्याने द्यायला मालकाला सोसायटीची परवानगी लागत नाही, नुसतं कळवायचं असतं, मॉडेल बायलॉजमध्येच आहे, कमिटीवाले ते पान सहसा उघडत नाहीत. त्यामुळे पिक्चरची वाट कशाला बघताय, मालकाला आजच फोन करा.

प्रश्न : मुलगा आठवीत, दिवसरात्र फुटबॉल. त्याच्या टीममध्ये आसामचा एक मुलगा आहे, त्याला सगळे ‘चायनीज’ म्हणतात, आमचाही. ओरडून झालं. पिक्चरने काही होईल?
— नेरुळ

उत्तर : ओरडणं वाया जातंच या वयात. ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’ बघा त्याच्यासोबत, मल्याळम आहे, २०१८ चा, सबटायटल्स वाचू दे. केरळातल्या मलप्पुरमच्या सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलमध्ये खेळायला आलेला सॅम्युएल असतो नायजेरियाचा, पण गावाच्या लेखी आफ्रिकेतला प्रत्येक जण सुदानी. दुखापत होऊन तो मॅनेजर मजीदच्या घरी पडतो आणि मजीदची आई आणि शेजारच्या आजी त्याचं सगळं करतात, भाषा कळत नाही तरी. त्या आज्या मला तर फुटबॉलपेक्षा जास्त आवडल्या. मध्येच पॉज करून शिकवू नका काही. झाल्यावर सहज विचारा, तुमच्या टीममधल्या त्या मुलाचं पूर्ण नाव काय रे? नाही सांगता आलं तर उद्या प्रॅक्टिसला विचारून ये म्हणावं.