एपॉक्साइडच्या खाली दिसणारे दोन ठिपके

प्रश्न : तापवलेल्या तेलातली एपॉक्साइड (दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचे कडे, म्हणजे वलय, असलेली संयुगे) मोजायला संदर्भ नमुना हवा होता. म्हणून मेथिल ओलिएट (ओलेइक आम्लाचा मेथिल एस्टर) आणि एमसीपीबीए (ऑक्सिजन देणारे मेटा-क्लोरोपरबेन्झोइक आम्ल) डायक्लोरोमिथेनमध्ये रात्रभर ढवळले, सकाळी द्रावक उडवून मिश्रण थेट सिलिका कॉलमवर चढवले. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर) उत्पादनाखाली दोन जादा ठिपके येतात आणि हाती जेमतेम निम्मे लागते. असे का?

उत्तर : अभिक्रिया झाली आहे, घोळ नंतर झाला. एमसीपीबीएने ऑक्सिजन दिला की मागे क्लोरोबेन्झोइक आम्ल उरते. द्रावक उडवताना ते संहत होते आणि एपॉक्साइडचे कडे फोडते. खालचा एक ठिपका २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली काळा दिसत असेल, तर तो या आम्लाचा किंवा ते जोडलेल्या हायड्रॉक्सी एस्टरचा. दिव्याखाली न दिसता फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल फवारून तापवल्यावरच उमटणारा, सर्वांत खालचा ठिपका बहुधा डायहायड्रॉक्सी स्टिअरेटचा, म्हणजे कडे पाण्याने फुटून बनलेल्या पदार्थाचा.

९९ टक्के शुद्धतेचे मेथिल ओलिएट १ ग्रॅम (३.३७ मिलिमोल) घ्या. स्वस्तातल्या, ७० टक्केवाल्या मालात लिनोलिएट असते, त्याचीही एपॉक्साइड होतात आणि ती निस्तरत बसावे लागते. १५ मिलि डायक्लोरोमिथेनमध्ये, बर्फात, ७७ टक्के एमसीपीबीए ०.९१ ग्रॅम (मोलमध्ये ओलिएटच्या १.२ पट) थोडे थोडे घाला. एमसीपीबीए पूर्ण कोरडे करायच्या भानगडीत पडू नका. त्यातला ओलावा स्फोट टाळण्यासाठीच असतो. दोन-तीन तास पुरतात, रात्रभर नको. तळाशी पांढरा गाळ बसतो, तेच क्लोरोबेन्झोइक आम्ल. थंड असतानाच गाळा.

आता धुणे, आणि तेही क्रमाने. आधी उरलेले एमसीपीबीए संपवायला १० टक्के सोडियम सल्फाइट, स्टार्च-आयोडाइड कागद निळा व्हायचा थांबेपर्यंत. मग आम्ल काढायला संपृक्त सोडियम बायकार्बोनेट दोनदा. फनेलचा कॉक वारंवार उघडा, वायू साचतो. शेवटी मिठाचे पाणी, सुकवायला सोडियम सल्फेट, आणि मगच द्रावक उडवा, तोही ३० अंशांखाली. कॉलम लागलाच तर सिलिका १ टक्का ट्रायएथिलअमाइनने आधी भिजवा; सिलिकाचे आम्लही कडे फोडते. सैद्धांतिक उत्पादन १.०५ ग्रॅम.

प्रश्न : याच नमुन्यावरून ट्रान्स एपॉक्साइड मोजता येईल का?

उत्तर : नाही. सिस ओलिएटपासून (दुहेरी बंधावरच्या साखळ्या एकाच बाजूला) सिसच मिळते; ट्रान्समध्ये त्या विरुद्ध बाजूंना असतात. ट्रान्ससाठी मेथिल इलायडेट (ओलिएटचे ट्रान्स रूप) घ्या, कृती तीच. प्रोटॉन एनएमआरमध्ये (चुंबकीय अनुनाद वर्णपटात) कड्यावरचे प्रोटॉन सिसमध्ये २.९ आणि ट्रान्समध्ये २.६५ पीपीएमच्या आसपास येतात. ५.३ जवळचे शिखर उरले असेल, तर ओलिएट शिल्लक आहे.