वाचकांचे प्रश्न : काँगो खरंच 'सुधारला' का?

प्रश्न : नमस्कार सर, कॉलेजात डिबेट आहे, 'युरोपने आफ्रिका सुधारली'. मला काँगो मिळालाय आणि बोलायचंय विरोधात. पण रेल्वे, शाळा त्यांनीच आणल्या, गुलामांचा व्यापारही बंद पाडला म्हणतात. मग मी बोलू काय? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : अगं, रेल्वेपासूनच सुरू कर, ती तुझ्याच बाजूची आहे. काँगो नदीत आतल्या भागात बोटी मस्त चालतात पण समुद्राच्या अलीकडे नुसते धबधबे, त्यामुळे हस्तिदंत, रबर सगळं हमालांच्या डोक्यावरून खाली आणावं लागायचं. ती कटकट मिटवायला १८९८ मध्ये मताडी बंदर ते लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचं किन्शासा, लाइन पूर्ण झाली. माल बंदरात पोचायला लागला, बस.

आता गुलामांचं. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा १८७६ पासून जगभर सांगत होता की आम्ही तिथे सुधारणा न्यायला आणि गुलामी मोडायला चाललोय, आणि १८८५ मध्ये अख्खा देश स्वतःच्या नावावर करून बसला (बेल्जियमच्या नाही हं, स्वतःच्या!). तिकडे एकदाही फिरकला नाही. आणि १८८७ मध्ये ह्याच राजवटीने काँगोतल्या स्टॅन्ली फॉल्स भागाचा गव्हर्नर कोणाला केलं, तर टिप्पू टिपला, त्या काळातला सगळ्यात नावाजलेला गुलामांचा व्यापारी. हे एवढं सांगितलंस तरी समोरची टीम गार.

रबराचं मात्र नीट, सावकाश सांग. टायरमुळे मागणी वाढली, जंगलातल्या वेलींचा चीक काढून आणायचा कोटा गावांवर लादला, तो भरला नाही की बायका ओलीस. शिपायांना काडतुसांचा हिशोब द्यावा लागायचा, एक गोळी वापरली तर मेलेल्या माणसाचा एक हात दाखवायचा, मग ज्याने गोळी शिकारीत उडवली तो जिवंत माणसाचा हात तोडून आणायचा. हे बाहेर काढण्यात मोठा वाटा एडमंड मोरेल नावाच्या लिव्हरपूलच्या शिपिंग क्लार्कचा. त्याने कागदं पाहिली तर येणाऱ्या बोटी रबर-हस्तिदंताने भरलेल्या, जाणाऱ्या बोटींत बंदुका आणि दारूगोळा, व्यापार म्हणावा असा माल जवळपास नाहीच, मग रबराचे पैसे देतायत कशाने? शेवटी ओरड इतकी झाली की १९०८ मध्ये राजाकडून देश बेल्जियम सरकारने घेतला.

शाळांवर ते अडवतील. मिशनऱ्यांच्या प्राथमिक शाळा खूप होत्या, हे सरळ मान्य कर. पण पहिलं विद्यापीठ १९५४ मध्ये निघालं आणि १९६० ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता.

आणि हो, लिओपोल्डच्या राजवटीत 'एक कोटी मेले' हा आकडा छातीठोकपणे फेकू नकोस, तेव्हा शिरगणतीच झाली नव्हती, सगळे अंदाज आहेत, तिथे तुला पकडतील.